सूर्याचे फोटो धूसर का येतात : एच-अल्फा दुर्बीण घेण्यापूर्वी

नमस्कार. तुम्ही लिहिले आहे की, घोडबंदर रस्त्यावरच्या एका सतरा मजली इमारतीच्या गच्चीवरून गेले पाच महिने दर रविवारी तुम्ही सूर्याचे फोटो काढत आहात. तुमच्याकडे ८० मिलिमीटर व्यासाची आणि ६०० मिलिमीटर नाभीय अंतराची रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगांची दुर्बीण आहे, २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आहे आणि दुर्बिणीच्या तोंडावर एकही सुरकुती पडणार नाही अशी ताणून बसवलेली सोलर फिल्म, म्हणजे सूर्याचा प्रकाश अगदी कमी करणारा पातळ पडदा आहे. सकाळची कामे आटोपून साडेअकराच्या सुमारास तुम्ही गच्चीवर जाता आणि सौरडाग दर वेळी टीपकागदावर सांडलेल्या शाईच्या थेंबासारखे पसरट येतात. इतरांचे ज्वालांचे लालभडक फोटो पाहून, लाखाच्या वर किंमत असलेली एच-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढाच दाखवणारी) दुर्बीण घेतल्यावर हा प्रश्न सुटेल का, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. डाग धूसर का येतात हा पहिला, आणि सूर्याचा निराळा थर पाहण्याची आता इच्छा झाली आहे का हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर उपाय म्हणून दुसऱ्याचा खर्च करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल, कारण ज्या हवेतून तुमचे डाग धूसर दिसतात त्याच हवेतून ती महागडी दुर्बीणही पाहणार आहे.

मी नेरूळला राहतो. ८ जून २००४ रोजी शुक्राचे अधिक्रमण झाले, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकला, तेव्हा लहान दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याचे बिंब पाडून तो काळा ठिपका पाहिला, आणि तेव्हापासून सूर्य हाच माझा मुख्य विषय झाला. तुमची गच्ची मी पाहिलेली नाही, तिच्या आजूबाजूला काय आहे हे मला माहीत नाही आणि तुम्ही मूळ फोटोही जोडलेला नाही, त्यामुळे पुढील बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत असे धरून चालावे. मात्र साडेअकराची वेळ आणि ताणलेली फिल्म ही दोन कारणे तुमच्या पत्रातच सापडतात.

प्रथम निदान करू. पुढच्या खेपेस सूर्यावरचा एक ठळक डाग फ्रेममध्ये घ्या, फोकस नेहमीप्रमाणे साधा आणि काहीही न बदलता त्याच डागाचे लागोपाठ दोनशे फोटो काढा. ते घरी संगणकावर पूर्ण आकारात एकामागून एक पाहा, एकत्र करू नका आणि धारही वाढवू नका. दोनशेच्या दोनशे फोटो सारखेच मऊ असतील तर दोष फोकसचा किंवा फिल्मचा आहे. डाग किंवा बिंबाची कड एकाच दिशेने दुहेरी दिसत असेल, तर तिपाई अथवा कॅमेऱ्याचा आरसा हादरतो आहे. पण दहा-पंधरा फोटो इतरांपेक्षा स्पष्ट निघाले, कुठे डागाचा काळा गाभा आणि त्याभोवतीची करडी झालर वेगळी दिसली आणि पुढच्याच फोटोत ती पुन्हा विरघळली, तर तुमची दुर्बीण निर्दोष आहे आणि त्रास हवेचा आहे. बिंबाची वरची कड निळसर आणि खालची तांबूस दिसत असेल, तर सूर्य अजून फार खाली आहे आणि वातावरण लोलकाचे काम करते आहे. या एका चाचणीवर मी गेल्या काही वर्षांत अनेकांची खरेदी थांबवली आहे, आणि दोघातिघांना खरेदी करायलाही सांगितले आहे.

तुमच्या बाबतीत चंचल हवेचाच निष्कर्ष निघेल असे मला वाटते. त्यामागचा हिशेब असा आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. आकाशात सूर्याचे बिंब सुमारे ३२ कला, म्हणजे साधारण १,९०० विकला एवढे दिसते, आणि त्याचा खरा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर आहे. म्हणजे सूर्यावर एक विकला सुमारे ७२५ किलोमीटर भरते. आपली पृथ्वी तेथे ठेवली तर ती साडेसतरा विकलांची एक टिकली दिसेल. तुमची ८० मिलिमीटरची दुर्बीण सिद्धान्ताप्रमाणे दीड विकलेपर्यंतचा तपशील दाखवू शकते, आणि ही क्षमता मध्यम आकाराच्या डागाचा गाभा व झालर स्वच्छ वेगळी दाखवण्यास पुरेशी आहे. शांत हवेत पृष्ठभागावरील कणिकाही जेमतेम हाती लागतात. तांदळाच्या कण्या पसरल्यासारखा दिसणारा तो पोत म्हणजे तळातून वर येणाऱ्या तप्त वायूचे बुडबुडे असतात. त्यांतील प्रत्येक बुडबुडा हजारभर किलोमीटर रुंद असतो आणि आठ-दहा मिनिटांत विरून जातो. पण भर दुपारी तापलेल्या गच्चीवरची हवा हाच तपशील तीन-चार विकलांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक, फासून टाकते. मग दुर्बीण कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंत तपशील पोहोचतच नाही.

रात्रीच्या निरीक्षणाची सवय असलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही, कारण रात्री त्रास मुख्यतः उंचावरील वाऱ्यांचा आणि दिव्यांच्या प्रकाशाचा असतो. तारे पाहण्यासाठी आपण वांगणी-नेरळकडे जातो. सूर्यासाठी मात्र शहरातील उजेडाचा काहीच अडथळा नाही, अडथळा आहे तो शहराच्या उष्णतेचा. ज्या सूर्याचा फोटो काढायचा तोच आपल्या पायाखालची लादी तापवत असतो, आणि सर्वांत जास्त नुकसान दुर्बिणीच्या पुढच्या पन्नास-शंभर फुटांतच होते. चहाच्या उकळत्या पातेल्यावरून पलीकडच्या डब्यावरची अक्षरे वाचून पाहिली, तर मी काय म्हणतो ते लक्षात येईल.

आता गच्चीचा विचार करा. ठाण्यातील आणि नवी मुंबईतील बहुतेक इमारतींच्या गच्चीवर गळती थांबवण्यासाठी डांबरी थर तरी असतो, नाहीतर पत्र्याची शेड तरी. पाण्याच्या काळ्या टाक्या, लिफ्टची खोली, खालच्या मजल्यांवरील एसीचे बाहेरचे यंत्र आणि दक्षिणेकडच्या इमारतीवरचा तापलेला पत्रा, यांपैकी प्रत्येक गोष्ट गरम हवेचा एक झोत वर सोडत असते. तुमच्या दुर्बिणीची नजर अशा झोतातून जाते की त्याच्या बाजूने, हे दोन-चार पावलांवरही बदलते. माझ्या आधीच्या इमारतीत लिफ्टच्या खोलीच्या पश्चिमेला उभे राहिलो तर सकाळी बिंबाची कड रवा भाजताना कढईवरची हवा हलते तशी थरथरायची, आणि तिपाई पंधरा फूट बाजूला कठड्यालगत नेली की ती निम्मी शांत व्हायची. हे समजायला मला दोन वर्षे लागली, कारण सावली मिळते म्हणून मी नेमका त्या खोलीलाच टेकून उभा राहत असे.

याच काळात मी आणखी एक चूक केली. ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीने समाधान होईना म्हणून मी आठ इंची दुर्बीण घेतली आणि तिच्या तोंडावर फिल्म चढवून तीच गच्ची, तीच वेळ कायम ठेवली. फोटो अधिक वाईट आले. मोठ्या तोंडातून एकाच वेळी हवेचे अनेक लहान-मोठे भोवरे आत येतात आणि प्रतिमा नुसती हलण्याऐवजी फिसकटून जाते, तर लहान तोंडाच्या दुर्बिणीत ती बहुतांशी जागच्या जागी डोलते. डोलणारी प्रतिमा नंतर संगणकावर जुळवता येते, पण फिसकटलेली येत नाही. आजही माझे दिवसाचे बहुतेक काम ८० आणि १०० मिलिमीटरच्या रिफ्रॅक्टरवर चालते आणि ती आठ इंची दुर्बीण गुरू-शनीसाठी राखीव आहे.

तेव्हा पहिला बदल वेळेचा करा. ठाण्यात सूर्य माथ्यावर साधारण साडेबारा ते पाऊण या वेळेत येतो, आणि तोच काळ फोटोसाठी सर्वांत निरुपयोगी असतो. मी सूर्य क्षितिजापासून वीस-बावीस अंश वर आला की सुरुवात करतो आणि पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत आटोपते घेतो. त्याच्या खाली वातावरणाचा थर फार जाड असतो, आणि त्याच्या वर सूर्य जाईपर्यंत सिमेंट तापलेले असते. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर डिसेंबरात पावणेनऊ ते सव्वादहा, आणि मेमध्ये पावणेआठ ते नऊ. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, त्या सुमारास भर दुपारी दुर्बीण सरळ डोक्यावर रोखावी लागते आणि कॅमेरा तिपाईच्या पायांत अडकतो, हा आणखी एक व्यावहारिक त्रास. सकाळची कामे रविवारी दहानंतर ढकलता आली तर तेवढ्या एका बदलाने तुमचे निम्मे काम होईल.

ऋतूंबद्दल थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम आहे. त्या दिवसांत सकाळी धुरके असते आणि कॉन्ट्रास्ट कमी होतो, पण धुरके म्हणजे खराब हवा असे समजू नका, कारण वारा पडलेला असतो म्हणूनच ते साचते, आणि माझ्या संग्रहातील काही अत्यंत स्थिर चित्रफिती दुधाळ आकाशातल्या आहेत. ऑक्टोबरच्या उन्हाबद्दल ठाणेकरांना वेगळे सांगायला नको. जून ते सप्टेंबर दुर्बीण बंद राहते असे समजा, आणि पावसात मिळणाऱ्या उघडिपीवर कोणताही बेत आखू नका.

दुसरा बदल जागेचा. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर उभारली आहे, आणि कॅलिफोर्नियातील बिग बेअर सौर वेधशाळाही तलावातच आहे. पाणी जमिनीइतके लवकर तापत नाही, त्यामुळे त्यावरील हवा कमी खवळते, एवढे साधे त्याचे कारण आहे. तलावांच्या शहरात राहणाऱ्या माणसाने याचा फायदा घ्यायलाच हवा. येऊरच्या पायथ्याशी असलेल्या उपवन तलावाच्या काठावर, पाणी तुमच्या आणि पूर्वेकडच्या सूर्याच्या मध्ये येईल अशा बाजूला उभे राहून एकदा सकाळी प्रयोग करा. ठाणे शहराला खाडी पूर्वेला आहे, त्यामुळे कोपरीच्या बाजूने सकाळी खाडीवरून पाहता येते. आम्हा नवी मुंबईकरांची स्थिती उलट आहे. सकाळचा सूर्य पारसिकच्या डोंगराकडून, म्हणजे इमारतींच्या बाजूने येतो आणि खाडी पश्चिमेला राहते. म्हणून हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास, खाडीवरचा वारा एकसारखा वाहू लागला की, कांदळवनावरून पाहताना मला कधीकधी सकाळपेक्षाही चांगली हवा मिळते. कधीकधी, असे मुद्दाम लिहितो आहे, कारण हे रोज घडत नाही आणि वारा खंडित झाला की सगळे बिघडते. सार्वजनिक ठिकाणी दुर्बीण लावली की लोक जमतात, त्यासाठी वेळेचा वेगळा हिशेब ठेवावा. उपवनला फिरायला आलेल्या एका आजोबांनी मला अर्धा तास प्रश्न विचारले होते आणि शेवटी, "पण डाग आहेत म्हणजे सूर्य विझत चालला का?" अशी काळजी व्यक्त केली होती. डाग भोवतालच्या सुमारे साडेपाच हजार अंश तापमानापेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड असतात म्हणूनच काळे दिसतात, एरवी तो तुकडा एकटाच आकाशात ठेवला तर डोळे दिपतील, असे सांगितल्यावर ते समाधानाने पुढच्या फेरीला गेले.

गच्ची सोडणे शक्यच नसेल तर निदान तिला थंड ठेवा. सकाळी तिपाईभोवतीच्या आणि सूर्याच्या दिशेच्या लादीवर ओली गोणपाटे अंथरा, दुर्बिणीच्या नळीवर पांढरे सुती कापड गुंडाळा आणि काळा कॅमेराही झाकून ठेवा. काचेच्या खिडकीतून किंवा एसी लावलेल्या खोलीच्या उघड्या खिडकीतून फोटो काढू नका, कारण खोलीतली आणि बाहेरची हवा नेमकी त्या चौकटीत मिसळते. एवढे करायचे तर गच्चीची किल्ली साडेसातला हातात हवी, आणि ती सेक्रेटरींकडून आदल्या रात्री मिळवणे ही आमच्या छंदातील सर्वांत नाजूक पायरी आहे.

आता साधनाकडे वळू. फिल्म तबल्याच्या पुडीसारखी ताणून बसवली आहे हे वाचून मी थबकलो. सोलर फिल्म ताणली की तिच्यात ताणाच्या रेषा येतात आणि प्रतिमा बिघडते, उलट ती किंचित सैल, हलक्या सुरकुत्यांसह राहिली तरी प्रतिमेला काही होत नाही. दिसायला ते ओंगळ वाटते हे मान्य, पण चौकटीतून फिल्म सोडवून पुन्हा सैल बसवा. चाचणीतील सर्व दोनशे फोटो सारखेच मऊ आले तर पहिला संशय येथेच घ्या.

फोकस डागावर साधण्यापेक्षा आधी बिंबाच्या कडेवर साधा आणि मग डागावर पक्का करा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दहापट मोठे करून, डोक्यावर काळे कापड घेऊन पाहिल्याशिवाय उन्हात ते नीट जमत नाही. मी फोकसचे चाक मुद्दाम योग्य बिंदूच्या पलीकडे नेतो, मग अलीकडे आणतो, आणि दोन्हीकडची धूसरता सारखी वाटेल त्याच्या मध्यावर थांबतो. दर दहा मिनिटांनी हे पुन्हा करावे लागते, कारण उन्हात नळी तापून लांबते.

तुमच्या कॅमेऱ्याबाबत एक अडचण आकड्यांतून दिसते. ६०० मिलिमीटरवर सूर्याचे बिंब सेन्सरवर साडेपाच मिलिमीटरचे पडते. डीएसएलआर नेहमीच्या एपीएस-सी सेन्सरचा असेल तर त्याचा पिक्सेल ३.९ मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे एका पिक्सेलमध्ये १.३ विकला सामावतात. दीड विकलेचा तपशील पकडायला ही जाळी विरळ पडते. प्रतिमा दुप्पट मोठी करणारे बार्लो भिंग लावलेत की हे प्रमाण ०.६७ विकलेवर येते, जाळी हवी तितकी बारीक होते आणि संपूर्ण बिंबही फ्रेममध्ये मावते. आयएसओ ४०० आणि शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवून सुरुवात करा, धुरके असेल तर थोडे वाढवा. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या स्वरूपात घ्या, आरसा आधीच वर उचलून ठेवा आणि रिमोट वापरा. नंतर केवळ हिरवा रंग वेगळा काढून त्याचेच कृष्णधवल चित्र करा. साध्या रिफ्रॅक्टरमध्ये निळा आणि लाल रंग वेगळ्या ठिकाणी फोकस होतात, त्यांना वगळले की न मागता थोडी धार मिळते. पुढे ५४० नॅनोमीटरचा हिरवा कंटिन्यूम फिल्टर घेतलात तर तेच काम तो अधिक चोख करतो, पण तो सोलर फिल्मच्या जोडीला लावायचा असतो, तिच्या ऐवजी नव्हे.

एकेका फोटोवर विसंबून मात्र राहू नका. आम्ही सगळे एका डागाचे हजार-दोन हजार फ्रेम घेतो, ऑटोस्टॅकर्टसारख्या प्रणालीला त्यांतले सर्वांत स्पष्ट पाच-दहा टक्के निवडायला लावतो, ते जुळवतो आणि मग धार काढतो. यासाठी ग्रहांच्या फोटोंकरिता मिळणारा लहान कृष्णधवल कॅमेरा फार उपयोगी पडतो. २.४ मायक्रॉन पिक्सेलचा घेतलात तर तुमच्या दुर्बिणीला बार्लोचीही गरज उरणार नाही, मात्र सेन्सर लहान असल्याने पूर्ण बिंब एका फ्रेममध्ये कदाचित बसणार नाही. तीस ते साठ सेकंदांची चित्रफीत पुरते, त्याहून लांब घेतली तर कणिकाच बदलू लागतात. मला विचाराल तर एच-अल्फाच्या आधी हा कॅमेरा घ्या. पुढे एच-अल्फा घेतलेच तरी तो लागणारच आहे, कारण रंगीत कॅमेऱ्यात त्या लाल प्रकाशासाठी चारांतला एकच पिक्सेल खऱ्या अर्थाने काम करतो. धार काढताना हात आवरा. डागांभोवती पांढरी कडी दिसू लागली की तुम्ही सूर्याबाहेरचे काहीतरी चित्रात घातले आहे.

नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या यानाची त्याच दिवसाची चित्रे सर्वांना पाहता येतात. मी दर वेळी आपला फोटो त्याशेजारी ठेवतो, आणि जी रेघ माझ्याकडे आहे पण तेथे नाही ती खोडून टाकतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सध्या तुम्ही पाहता ते प्रकाशमंडल, म्हणजे सूर्याचा दृश्य पृष्ठभाग. तेथे डाग, कडेजवळचे उजळ पट्टे आणि कणिका दिसतात. एच-अल्फा म्हणजे हायड्रोजनचा ६५६.२८ नॅनोमीटरचा प्रकाश, आणि त्यातून वरचा वर्णमंडलाचा थर उघडतो. कडेवर उभ्या राहणाऱ्या ज्वाला, बिंबावर काळ्या दोरीसारखे पडलेले तंतू आणि डागांभोवती लोहचुंबकाजवळच्या लोखंडी किसासारखी वळणे दिसतात. नशीब असेल तर मिनिटा-मिनिटाला पसरणारा सौरस्फोटही सापडतो. तो अनुभव निराळाच आहे आणि मी त्याची किंमत कमी करणार नाही. शिवाय एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी की, मोठी ज्वाला लाखभर किलोमीटर उंच, म्हणजे शंभराहून अधिक विकलांची असते, त्यामुळे ती दुपारच्या खराब हवेतही ओळखू येते. केवळ रविवारी साडेअकराचीच वेळ मिळणार असेल आणि ज्वाला पाहण्यातच आनंद असेल, तर एच-अल्फा घेणे चुकीचे ठरणार नाही. पण बिंबावरचा बारीक तपशील हवा असेल तर पुन्हा सकाळ, पाणी आणि शांत हवा हे तिन्ही लागेल.

निर्णयात काळाचाही विचार करा. सूर्याचे चक्र सरासरी अकरा वर्षांचे असते. सध्याचे पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ते कमाल काळात पोहोचल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी मे महिन्यात ३६६४ क्रमांकाचा डागांचा समूह बिंबावर होता, तो इतका मोठा होता की ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांनीही दिसत असे, आणि त्यातून उठलेल्या वादळाची लाल प्रभा लडाखमधील हानले येथून टिपली गेली. त्या दिवसांत सकाळी सव्वाआठला घेतलेला माझा उत्तम फोटो ८० मिलिमीटरच्याच दुर्बिणीचा आहे. उतरत्या काळातही मोठे डाग येतात. तेविसाव्या चक्राची कमाल ओसरून गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ मध्ये प्रचंड स्फोट झाले होते. मात्र दशकाच्या शेवटाकडे डागांविना जाणारे दिवस वाढत जातील, आणि त्या काळात ज्वाला अधूनमधून दिसत राहतात. म्हणजे डागांचा सराव आता करून घेणे आणि एच-अल्फा दोन-तीन वर्षांनी घेणे, हा क्रम सूर्याच्या सोयीचा आहे.

खाडीकाठच्या दमट हवेबद्दलही सावध करतो. माझ्या पहिल्या एच-अल्फा दुर्बिणीतील आतला एक फिल्टर चार पावसाळ्यांनंतर धुरकटला. चित्र अंधारत गेले आणि मी वर्षभर धुरक्याला दोष देत राहिलो. दुरुस्तीसाठी ती परदेशी पाठवण्याचा खर्च आणि कालावधी पाहून मी ती तशीच कपाटात ठेवली. आता माझी सर्व भिंगे आणि फिल्टर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह राहतात, आणि जेल दर महिन्याला कढईत भाजून कोरडे केले जाते. पाचआकडी-सहाआकडी रक्कम घालण्याआधी या डब्याची सोय करा.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण ते लिहिल्याशिवाय मी सूर्यावरचे कोणतेही उत्तर पुरे करत नाही. फिल्म दर वेळी चढवण्याआधी दिव्यासमोर धरून टाचणीएवढे भोक नाही ना ते पाहा, आणि चौकट वाऱ्याने उडणार नाही अशी चिकटपट्टीने बांधा. दुर्बिणीला डोळा लावून पाहण्यासाठी ५.० घनतेचीच फिल्म हवी, ती प्रकाशाचा लाखावा भाग आत सोडते. ३.८ घनतेची फिल्म केवळ कॅमेऱ्यासाठी असते, ती लावलेली असताना आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावू नये. आयपीसच्या टोकाला स्क्रूने बसणारा जुना काळा फिल्टर मिळाला तर तो फेकून द्या, कारण तो केंद्रित उष्णतेत तडकतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे इजा होत असताना काहीच जाणवत नाही. फाइंडरचे, म्हणजे नेम धरण्यासाठी जोडलेल्या छोट्या दुर्बिणीचे, झाकण लावायला मी एकदा विसरलो होतो, आणि दुर्बीण सूर्याकडे वळवत असताना खांद्यापाशी शर्ट जळाल्याचा वास आला तेव्हा ते लक्षात आले. तेथे शर्टाऐवजी गच्चीवर पतंग उडवायला आलेल्या एखाद्या मुलाचा डोळा असू शकला असता. तेव्हापासून सूर्यासाठी मी फाइंडर काढूनच ठेवतो, नळीची सावली सर्वांत लहान होईल अशी दिशा साधून सूर्य शोधतो आणि पाणी प्यायला खाली जायचे असेल तरी आधी दुर्बिणीला टोपी घालतो.

तर पुढच्या तीन रविवारांचा क्रम असा ठेवा : पहिल्या रविवारी फिल्म सैल करून त्याच गच्चीवर, पण पावणेनऊला, दोनशे फोटोंची चाचणी, दुसऱ्या रविवारी बार्लोसह तीच चाचणी, गोणपाटे ओली करून, तिसऱ्या रविवारी उपवनच्या काठावर. प्रत्येक वेळचा सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत खराब असे दोन मूळ फोटो, काहीही संस्कार न करता, वेळ आणि जागेसह येथे टाका. एच-अल्फाबद्दल माझे मत मी ते सहा फोटो पाहून देईन.